घेण्यापूर्वी : वाट दाखवणारी डबी

गेल्या खेपेला आपण मिक्सरच्या भांड्यांचा हिशेब मांडला होता. त्यावर बऱ्याच जणींची पत्रे आली. त्यातल्या एका भगिनीने भांड्यांबद्दल दोनच ओळी लिहून पुढे भलताच प्रश्न विचारला आहे. ती लिहिते, "ताई, मी चाळिशीच्या आत गाडी चालवायला शिकले. आता मुलगा म्हणतो, रस्ता दाखवणारं यंत्र घेऊ, म्हणजे तू एकटी कुठेही जाशील. स्वस्तातलं मिळतंय. घेऊ का?"

पत्र वाचून मला हसू आले. कारण तसली एक डबी गेले वर्षभर आमच्या गाडीत काचेला चिकटून बसलेली आहे, आणि तिच्याशी माझे भांडण आणि मैत्री दोन्ही होऊन गेले आहे. तेव्हा आज तिच्याबद्दलच बोलू.

आमचे घर फोंडाघाटला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, कणकवली तालुक्यातले, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचे हे गाव. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता गावातून जातो, आणि गाव संपले की घाट चढू लागतो. वर दाजीपूर, पुढे राधानगरी, आणि मग माझे माहेर कोल्हापूर. गावातल्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते. बाकीचा वेळ घर, दोन मुले आणि सासूबाई. गेल्या वर्षी कोल्हापूरला माझ्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. दर पंधरा दिवसांनी तिला दाखवायला न्यायचे, आणि भाऊ नोकरीनिमित्त परगावी. एस.टी.ने जाऊन-येऊन दिवस मोडायचा. शेवटी मी म्हटले, दारात गाडी उभी आहे, मला चालवता येते, मी जाईन.

आमच्या ह्यांना ते पटेना. कणकवलीपर्यंत ठीक, पण घाट? एकटीने? दोन दिवस घरात ह्याच विषयावर बोलणे चालले होते. तिसऱ्या दिवशी हे एक खोका घेऊन आले आणि म्हणाले, "हे गाडीत लावायचं. मग जा." साडेपाच हजारांची ती डबी. घरात सगळ्यांनी ती हाताळून पाहिली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "ह्या डब्याक घाट ठावक आसा काय?"

त्यांचा हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि सहा आठवडे त्याचे उत्तर शोधले. दुधाची वही असते ना, तशीच एक वही गाडीत ठेवली होती.

ही डबी करते तरी काय?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. पावसाळ्यात वीज चमकली की आपण एक, दोन, तीन मोजतो, आणि मग गडगडाट ऐकू येतो. तीन सेकंद लागले म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर, असा आपला हिशेब. डबीचा हिशेबही असाच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एक संदेश सोडत असतात : "मी अमुक जागी आहे, आणि आत्ता इतके वाजले." तो संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून डबी उपग्रहाचे अंतर काढते. असे निदान चार उपग्रह दिसले की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे तिला कळते. फरक एवढाच, की हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरनी चुकते.

ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या लष्कराची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली आकाशात गेला. १९८३ साली वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केले की ही सोय सर्वसामान्यांनाही मिळेल. तरीही सामान्यांसाठीचा संदेश मुद्दाम थोडा अंधुक ठेवलेला असे. तो अंधुकपणा मे २००० मध्ये काढून टाकला, आणि तेव्हापासून गाडीला रस्ता दाखवण्याइतकी ती अचूक झाली. आपल्या इस्रोनेही १ जुलै २०१३ रोजी स्वतःच्या दिशादर्शक मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. तिचे नाव 'नाविक'.

ह्यात बायकांचा हात कुठे, असे कुणी विचारले तर दोन नावे लक्षात ठेवा. पृथ्वी चेंडूसारखी नीट गोल नाही, तिचा नेमका आकार काय हे गणिताने मांडण्याच्या कामात ग्लॅडिस वेस्ट ह्या अमेरिकन गणितज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. आणि भारतातल्या रस्त्यांचे संगणकी नकाशे करणारी 'मॅपमायइंडिया' ही कंपनी १९९५ साली ज्या पतिपत्नींनी काढली, त्यातल्या पत्नी रश्मी वर्मा. तेव्हा "बायकांना नकाशा कळत नाही" असे पुन्हा कुणी म्हणाले तर उत्तर तयार ठेवा.

एक शंका मला आमच्या शिक्षकखोलीत पुष्कळ जणींनी विचारली : "आपण कुठे जातो ते सगळ्यांना कळतं का ग?" साध्या डबीतून कळत नाही. ती रेडिओसारखी आहे, नुसती ऐकते. उलट काही पाठवत नाही. मोबाईल किंवा माग ठेवणारी वेगळी यंत्रे मात्र पाठवू शकतात.

वहीतल्या नोंदी

पहिल्या दिवशी आमच्या अंगणात, फणसाच्या झाडाखाली डबी सुरू केली. चार मिनिटे झाली, आठ झाली, तरी तिला आकाश सापडेना. मला वाटले, बिघडलेलीच आणली. नंतर माहिती काढली तेव्हा कळले की नवी किंवा फार दिवस बंद असलेली डबी आधी सगळ्या उपग्रहांची यादी आकाशातून उतरवून घेते, आणि ती पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटे लागतात. गाडी उघड्यावर उभी करून शांतपणे वाट पाहिली की काम होते. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या-पाऊण मिनिटात जागा सापडू लागली. झाडाची ओली, दाट पाने मात्र संदेश अडवतात. ढगांचा विशेष त्रास नाही.

दुसरी गंमत नावांची. मी घरी परतताना इंग्रजी अक्षरांत "फोंडा" लिहिले, आणि डबीने मला थेट गोव्याची वाट दाखवली! गोव्यातही फोंडा, आमचेही फोंडा. कोल्हापूरच्या वेशीवरून सावंतवाडीच्या दिशेने निघायला सांगू लागली तेव्हा माझ्या ध्यानात आले. ह्या दोन गावांना इंग्रजीत कुणी 'प'ने लिहितो, कुणी 'फ'ने. तुमच्याही गावाचे कुठेतरी जुळे भावंड असेलच. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव काय थोडी आहेत? म्हणून गाव निवडल्यावर जिल्हा आणि एकूण किलोमीटर पाहिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा मी नियमच केला.

तिसरी नोंद घाटाची. आमच्या घाटात एक वळण संपते न संपते तोच दुसरे. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. भिंतीमुळे अर्धे आकाश झाकते, आणि संदेश कातळावर आपटून उशिरा येतो. मग पडद्यावरचा बाण रस्ता सोडून जंगलात फिरायला जातो. दोन वळणे एकावर एक असली तर आपण खालच्या रस्त्यावर आहोत की वरच्या, ह्यात डबीचा गोंधळ होतो. उड्डाणपुलाचेही तेच. पुलावर आहोत की पुलाखाली, हे तिला नेहमीच कळते असे नाही.

चौथी नोंद वेळेची. डबी म्हणे, कोल्हापूर दोन तास. कोरड्या दिवसात मला सव्वादोन लागले. पावसात दोन तास पन्नास मिनिटे. डबी रस्त्याची लांबी मोजते. त्यातले खड्डे, धुके, उसाचे ट्रॅक्टर आणि दाजीपूरच्या जंगलात अचानक रस्त्यात उभा राहिलेला गवा तिच्या हिशेबात नसतात.

पाचवी नोंद मात्र तिच्या बाजूची. घाटात मोबाईलची रेंज जाते. डबीचा नकाशा तिच्या पोटातच असतो, त्यामुळे रेंज असो वा नसो, ती बोलत राहते. तिचे उच्चार काय सांगावेत! कणकवलीचे 'कांकावली' करते, राधानगरीचे काय करते ते लिहिण्यासारखे नाही. मुले पोट धरून हसतात. पण बोलत राहते हे खरे.

सहावी नोंद जुनेपणाची. नकाशा ज्या दिवशी केला त्या दिवसाचाच असतो. २०२४ च्या जानेवारीत गगनबावड्याकडे जाणारा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि वर्षभर लोकांना भुईबावडा किंवा आमच्या फोंडा घाटाने फिरावे लागले. असल्या डबीला त्याचा पत्ता नसतो. खोक्यावर "नकाशा कायम मोफत" असे छापलेले होते. पण तो नवा करायला संगणक हवा, तार हवी, आणि रात्रभर चालणारे इंटरनेट हवे. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाहीत.

ती संध्याकाळ

आता खरी परीक्षा झाली ती सांगते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका दुपारी, वहिनीचा फोन आला. आई मोरीत घसरून पडली होती, हात सुजला होता, आणि माझेच नाव घेत होती. हे रत्नागिरीला कामासाठी गेलेले. मी फोन केला तर लागेना. घड्याळात साडेचार वाजले होते आणि बाहेर दिवसा दिवा लावावा असा काळोख. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तू जा गो. पोरांका मी बघतंय. सावकाश जा."

मैत्रिणींनो, त्या "तू जा"चे मोल मला त्या दिवशी कळले.

डबीने घाटाची वाट दाखवली आणि मी निघाले. पाच-सहा वळणे चढले असेन, तर पुढे गाड्यांची रांग. रस्त्यावर मोठे झाड आडवे पडलेले. एस.टी.चे एक चालक छत्री घेऊन खाली उतरले होते. म्हणाले, "ताई, दोन-तीन तास तरी लागतील, आणि वरून माती येतेय. वळवा गाडी." मी जागा पाहून गाडी वळवली. आणि डबी? "शक्य तेथे मागे वळा," "शक्य तेथे मागे वळा," असे सात वेळा म्हणाली. सातव्यांदा मी तिचा आवाज बंद केला.

खाली गावात येऊन वैभववाडीवरून, करूळ घाटाने जायचे ठरवले. गाडी थांबवून डबीला तसे सांगितले. तिने लगेच आतल्या बाजूच्या एका लहान फाट्याने वाट काढून दिली. चार किलोमीटर वाचत होते. आई डोळ्यांपुढे होती, म्हणून मलाही ते चार किलोमीटर मोलाचे वाटले आणि मी फाट्यावर वळले.

थोडे पुढे गेले तर डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक बाई समोरून येत होती. काच खाली केली. तिने विचारले, "खंय जातंस बाय?"

"वैभववाडीक."

"ह्या वाटेन जाव नको. कॉजवेर पाणी चढला हा. माझी म्हस पण मी माघारी आणलंय."

म्हैस तिच्या मागे उभीच होती. मी डबीकडे पाहिले. त्या जागी निळी बारीक रेघ आणि तिच्यावरून जाणारी आमची वाट, एवढेच. ती रेघ उन्हाळ्यात पाऊलभर पाण्याची असते आणि जुलैत म्हैसही मागे फिरवते, हे त्या पडद्यावर कुठे लिहिलेले असणार? मी त्या बाईला हात जोडले आणि मागे फिरले. नांदगावला येऊन महामार्गाला लागले आणि तळेऱ्यावरून वैभववाडी गाठली. दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडले असतील. पडू देत.

आता डबीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. करूळ घाटात शिरले तेव्हा पुरता अंधार पडला होता आणि धुके इतके की गाडीच्या नाकापुढचे दिसेना. मोबाईल मुका. ह्या घाटाची मला आमच्या घाटाइतकी सवय नाही. तिथे मी डबीचा आवाज पुन्हा चालू केला. पुढचे वळण डावीकडे आहे की उजवीकडे, किती जवळ आहे आणि घाट संपायला किती उरले, हे ती सांगत राहिली. गाडी मी चालवत होते ती रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे आणि कठड्याकडे बघून, दुसऱ्या गिअरमध्ये. पण पुढचे आधी कळत असल्यामुळे छाती धडधडायची थांबली. "गगनबावडा, तीन किलोमीटर" असे तिने आपल्या त्या वेड्यावाकड्या उच्चारात म्हटले तेव्हा मी तिला "बरं बाई" असे मोठ्याने उत्तर दिले.

साडेनऊला मी आईच्या उशाशी होते. मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर घालून आणले होते. तिने मला पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "कोण घेऊन आलं तुला?"

मी म्हटले, "मीच आले."

दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन लागला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बघ, डबी होती म्हणून बरं झालं." मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग म्हटले, "डबी होती ते बरं झालं. पण तिनं सांगितलेल्या दोन्ही वाटा बंद होत्या. तिसरी मी शोधली." ह्यांनी ते ऐकून घेतले, वाद घातला नाही. आताशा मी निघताना हे "डबी लावलीस का?" असे न विचारता "पेट्रोल आहे ना?" असे विचारतात. एवढ्यावर मी समाधानी आहे.

डोळे मिटून विश्वास नको

ही केवळ माझी हकीकत म्हणून सोडून देऊ नका. २०२१ च्या जानेवारीत नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, नकाशाने दाखवलेल्या वाटेने रात्री जाणारी एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एका माणसाचा जीव गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे दगावले. २०२५ च्या जुलैत नवी मुंबईत बेलापूरला एक बाई पुलावरून जायच्या ऐवजी पुलाखालून गेल्या आणि गाडीसकट खाडीत पडल्या. सागरी पोलिसांनी त्यांना वाचवले. तिन्ही वेळा माणसे पडद्यावरच्या वाटेने निघाली होती, आणि समोर रस्ता नव्हता.

मग घ्यावी की नाही?

सरळ उत्तर हवे असेल तर असे : आधी घरात काय आहे ते बघा.

तुमच्याकडे मोबाईल आहे. रस्ता दाखवणाऱ्या डबीत जी करामत असते ती त्या मोबाईलमध्येही असते. निघण्यापूर्वी घरच्या इंटरनेटवर आपल्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवला की रेंज नसतानाही तो वाट दाखवतो. त्याहून काटकसरीची युक्ती म्हणजे घरातला जुना मोबाईल. कपाटात पडलेला, सिमकार्ड नसलेला असला तरी तो ह्या कामाला चालतो. जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागेल एवढेच. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी असेच केले आहे. त्यांना खर्च आला तो फक्त काचेला चिकटणाऱ्या टेकूचा आणि गाडीतल्या चार्जरचा. माझे साडेपाच हजार गेले ते गेले.

वेगळी डबी घेण्यासारखी कुणाला? जिला सतत लांबचा प्रवास आहे, जिच्या मोबाईलवर सारखे फोन येतात, आणि जिच्या घरी संगणकावर नकाशा नवा करून देणारे कुणी आहे, तिला. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

घ्यायचीच असेल तर दुकानात हे पाहा :

१. डबी दुकानाबाहेर उघड्यावर आणून सुरू करून दाखवायला सांगा. दुकानाच्या छताखाली तिची परीक्षा होत नाही.

२. आपले गाव, शेजारचे लहान गाव आणि माहेर, अशी तीन नावे घालून बघा. लहान गाव सापडले नाही तर डबी शहरापुरतीच.

३. नकाशा कोणत्या साली केलेला आहे ते विचारा, आणि नवा करायला पैसे पडतात का हे पावतीवर लिहून घ्या.

४. पडदा उन्हात धरून पाहा. दुकानात झगझगीत दिसणारा पडदा उन्हात काळा पडतो.

५. टेकू हलवून बघा. आमच्या डबीचा टेकू पहिल्याच उन्हाळ्यात ढिला झाला आणि ती एका वळणावर माझ्या पायांत येऊन पडली. पायांत पडलेली वस्तू ब्रेकखाली गेली तर काय होईल, ते सांगायला नको. डबी काचेच्या खालच्या कोपऱ्यात, नजरेआड येणार नाही अशी लावा, आणि उतरताना काढून ठेवा. उन्हाने तिची बॅटरी फुगते.

६. गाडीच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तिच्यातून संदेश नीट येत नाही.

वापरताना एक पथ्य कसोशीने पाळा. ठिकाण घालायचे काम गाडी उभी असतानाच करा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी चालवताना मोबाईल फक्त वाट पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. पण नियम नसता तरी घाटात एक डोळा पडद्यावर ठेवून चालत नाहीच.

आणि ह्या सगळ्याबरोबर एक कागद. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी हाताने नकाशा काढला आहे : फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर, दुसऱ्या बाजूने नांदगाव, तळेरे, वैभववाडी, गगनबावडा, कोल्हापूर. कुठे पेट्रोल मिळते, कुठे रेंज येते, पावसात कुठे पाणी चढते, हे त्यावर लिहिले आहे. खाली ११२ हा तातडीचा क्रमांक. निघण्यापूर्वी एस.टी. स्टँडवर एक चौकशी करते : "वरून गाडी आली का?" आली असेल तर रस्ता चालू आहे. ह्या चौकशीला पैसे पडत नाहीत, आणि तिची माहिती त्याच दिवसाची, त्याच तासाची असते.

पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनीला एवढेच सांगते. मुलगा प्रेमाने म्हणतो आहे, त्याचे मन मोडू नकोस. पण डबी आली म्हणजे एकटीने जाता येईल आणि नाही आली तर नाही, असे मात्र मनात धरू नकोस. आधी चार वेळा कुणाला तरी शेजारी बसवून, पण गाडी स्वतः चालवून, तो रस्ता उन्हाचा बघ, पावसाचा बघ, एकदा संध्याकाळचाही बघ. मग पाचव्या वेळी एकटी जा. तेव्हा डबी बरोबर असली तर असू दे.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे : डब्याला घाट थोडासा ठाऊक आहे, पाऊस ठाऊक नाही. त्यांना वाचून दाखवले तर म्हणाल्या, "मगे तुका दोनय ठावक होवक व्हये."

पुढच्या खेपेला पावसाळ्यात कपडे वाळवण्याच्या स्टँडांबद्दल बोलू. कुणी गंजलेले स्टँड रंगवून पुन्हा वापरात आणले असतील तर जरूर कळवा.